गळ, जाळं आणि समुद्रपक्षी: उपाय बोटीच्या पिछाडीवरच आहे

पहाटे आंबा घाट किंवा गगनबावड्याचा घाट चढून बर्फाच्या पेट्यांनी भरलेले टेम्पो कोल्हापुरात येतात. सुरमई, पापलेट, बांगडा, हलवा. आपण माशाचे डोळे बघतो, कल्ले उचलून बघतो, भावात घासाघीस करतो. हा मासा कशानं धरला, गळानं की जाळ्यानं, हे विचारायची पद्धत आपल्याकडं नाही. समुद्रातल्या पक्ष्यांचं जगणं-मरणं मात्र बरंचसं याच एका प्रश्नावर ठरतं. जगभर दरवर्षी लाखो समुद्रपक्षी मासेमारीत चुकून मरतात. कुणालाही ते नको असतात, कुणी ते विकत नाही, तरीही मरतात. हे कसं घडतं, आणि ते थांबवायचं काम मासेमारांच्या बरोबरीनंच का करावं लागतं, ते या लेखात सांगतो.

दोरी सोडताना नेमकं काय होतं

ट्यूना आणि तलवारमासा धरायची जगभर चालणारी एक पद्धत म्हणजे लाँगलाइन. एक लांबच लांब मुख्य दोरी, तिला ठरावीक अंतरावर लोंबणाऱ्या आखूड दोऱ्या आणि प्रत्येक आखूड दोरीच्या टोकाला आमिष लावलेला गळ. मोठ्या बोटींची मुख्य दोरी शंभर किलोमीटरपर्यंत जाते. तिच्यावर दोन-तीन हजार गळ असतात. बोट पुढं चालत राहते आणि खलाशी पिछाडीवरून एकेक गळ पाण्यात टाकत राहतात. हे काम सलग काही तास चालतं.

आमिष असतं माकुलाचं किंवा छोट्या माशाचं. ते पाण्यात पडलं की लगेच बुडत नाही. बोटीच्या पंख्यानं पाणी घुसळलेलं असतं, त्यात ते वरच्या वर राहतं. आमिष नीट वितळलेलं नसेल तर आणखी वेळ तरंगतं. पृष्ठभागाजवळचा हा थोडासा वेळ पक्ष्याच्या जिवावर उठतो. अल्बाट्रॉस, म्हणजे लांब पंखांचा मोठा समुद्रपक्षी, वरून येतो, आमिष उचलतो आणि गळ चोचीत किंवा घशात रुततो. मागून दोरी खाली जातच असते. तिच्याबरोबर पक्षीही खाली ओढला जातो आणि बुडून मरतो.

यात आणखी एक गुंता आहे. अल्बाट्रॉसला फार खोल बुडी मारता येत नाही, पण पांढऱ्या हनुवटीचा पेट्रेल आणि शिअरवॉटर हे पक्षी दहा मीटरच्याही खाली जातात. ते खोल गेलेलं आमिष वर आणतात आणि वर थांबलेला अल्बाट्रॉस ते त्यांच्याकडून हिसकावून घेतो. त्यामुळं 'आमिष दोन-तीन मीटर खाली गेलं, आता काळजी नाही' हा हिशेब चुकतो.

पक्षी बोटीकडं येतात ते वासावर. या कुळातल्या पक्ष्यांचं नाक फार तीक्ष्ण असतं आणि पाण्यावर पसरलेला माशाच्या तेलाचा वास त्यांना लांबून कळतो. त्यात बोटीवर मासे साफ करून आतडी, डोकी पाण्यात फेकली जातात. बोट म्हणजे अन्न, हे पक्ष्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलं आहे.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार लाँगलाइनवर वर्षाला किमान १,६०,००० समुद्रपक्षी मरतात. २०१३ सालच्या दुसऱ्या अंदाजात गिलनेटमध्ये, म्हणजे पाण्यात भिंतीसारख्या उभ्या सोडलेल्या जाळ्यांत, मरणाऱ्या पक्ष्यांचा आकडा वर्षाला किमान ४,००,००० निघाला.

तांडेल म्हणतो 'आमच्या बोटीवर पक्षी मरतच नाहीत'

तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, खोटं बोलत नसतो, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात नीट समजून घेण्यासारखी गोष्ट हीच आहे.

एक हिशेब करू. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत. समजा, दहा हजार गळांमागं एक पक्षी मरतो. बोट दिवसाला अडीच हजार गळ सोडते. म्हणजे चार दिवसांतून एकदा एक मेलेला पक्षी दोरीबरोबर वर येणार. खलाशी तो गळावरून काढतो, पाण्यात टाकतो आणि पुढचा गळ ओढतो. मधल्या काळात त्यानं हजारो गळ हाताळलेले असतात, झोप अपुरी असते, थंडीनं बोटं बधिर झालेली असतात. एक पक्षी त्याच्या ध्यानात कशाला राहील? आता अशा शंभर बोटी घ्या आणि वर्षातले दोनशे दिवस धरा. पाच कोटी गळ होतात आणि पाच हजार पक्षी. एका माणसाला जवळजवळ न दिसणारी गोष्ट सगळ्या बोटींची मिळून एवढी मोठी होते. शिवाय गळाला लागलेले सगळेच पक्षी वर येत नाहीत. बरेच पाण्यातच निसटतात, मोठे मासे त्यांना खातात, आणि खलाशाला ते कधी दिसतच नाहीत.

पाच हजार ही संख्या अल्बाट्रॉसला का झेपत नाही, ते त्याच्या संसारात आहे. भटक्या अल्बाट्रॉसचे पंख साडेतीन मीटरपर्यंत पसरतात. मादी एका वेळी एकच अंडं घालते, आणि पिल्लू उडतं व्हायला इतके महिने लागतात की जोडपं दर वर्षाआड एकदाच विणीला बसतं. पहिलं अंडं घालायला पक्ष्याचं वय दहाच्या आसपास असावं लागतं. पिल्लाला आई-बाप दोघंही हवेत. एक समुद्रावर जातो तेव्हा दुसरा घरट्यावर असतो. दोघांतला एक गळाला लागला तर पिल्लूही बहुधा उपाशी मरतं, आणि मागं राहिलेल्याला नवा जोडीदार मिळायला कित्येक वर्षं जातात.

या पक्ष्यांनी अकाली मरायचं नाही आणि म्हातारं होईपर्यंत जगायचं, यावरच त्यांचा सगळा कारभार चालतो. पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावर १९५६ साली एका लेसान अल्बाट्रॉस मादीच्या पायात रिंग घातली होती. त्याच मादीनं २०२४ च्या शेवटी पुन्हा अंडं घातलं. तेव्हा तिचं वय किमान सत्तरच्या पुढं होतं. असा एक प्रौढ पक्षी मेला की त्याच्यामागची कित्येक वर्षांची पिल्लंही गेली. अल्बाट्रॉसच्या २२ जातींपैकी १५ आज धोक्यात आहेत.

तीन उपाय, आणि त्यात खलाशाला होणारा त्रास

गंमत वाटेल, पण उपाय साधे आहेत. अल्बाट्रॉस आणि पेट्रेल यांच्यासाठी झालेला आंतरराष्ट्रीय करार २००४ साली लागू झाला. त्याचे तज्ज्ञ तीन गोष्टी एकत्र करायला सांगतात: गळाजवळ वजन लावा, दोरी रात्री सोडा आणि पक्षी बुजवणारी फितीची दोरी बोटीमागं ओढा.

ही फितीची दोरी कोल्हापूरकराला समजावून सांगायला सोपी. शाळू भरात आला की रानावर चकचकीत फिती ताणतात. वाऱ्यानं त्या थरथरतात, आवाज करतात आणि पाखरं कणसावर बसायला कचरतात. समुद्रावर हेच काम बोटीच्या पिछाडीवरून केलं जातं. उंच खांबाला दोरी बांधतात, तिचं लांबचं टोक पाण्यात ओढत राहतं आणि मधल्या भागाला रंगीत फिती लोंबतात. गळ जिथं पाण्यात पडतात त्याच्या वर ही फडफडती रांग राहते. ३५ मीटरपेक्षा मोठ्या बोटीला अशा दोन दोऱ्या लागतात आणि किमान १०० मीटरपर्यंतचा भाग हवेत राहावा लागतो. हा विचार मुळात जपानी ट्यूना मासेमारांचा. कुठल्या प्रयोगशाळेत तो जन्मला नाही, याचं मला विशेष वाटतं.

वजनाचं काम सरळ आहे: फितींचं संरक्षण संपायच्या आत आमिष खोल गेलं पाहिजे. म्हणून गळापासून अर्ध्या मीटरच्या आत किमान ४० ग्रॅम, एक मीटरच्या आत ६० ग्रॅम किंवा दोन मीटरच्या आत ८० ग्रॅम वजन असावं, असं सुचवलं जातं. रात्री दोरी सोडली की बहुतेक अल्बाट्रॉस गळांपासून लांब राहतात, कारण ते उजेडात शिकार करतात. पण पौर्णिमेच्या आसपास हा उपाय ढिला पडतो, आणि पांढऱ्या हनुवटीचा पेट्रेल तर अंधारातही खातो. तिन्ही उपाय एकदम करायचे ते म्हणूनच. एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

आता हेच खलाशाच्या जागी उभं राहून बघू. वारा आडवा आला की फितींची दोरी बाजूला सरकते आणि लाँगलाइनच्या बोयांत, म्हणजे तिला तरंगवणाऱ्या गोळ्यांत, अडकते. मग चालत्या कामात एकानं ती सोडवत बसायचं. वजनाची अडचण तर जिवावरची आहे. दोरी ओढताना शार्कनं गळाजवळून ती तोडली, तर ताणलेल्या दोरीवरचं शिसं बंदुकीच्या गोळीच्या वेगानं बोटीकडं येतं. खलाशी यात जखमी झाले आहेत, जीवही गेले आहेत. अशा माणसाला 'पक्ष्यांसाठी एवढं वजन लाव' असं कुणी किनाऱ्यावरून सांगितलं आणि त्यानं तोंड फिरवलं, तर त्याला दोष द्यायचा नाही. ही तक्रार ऐकून घेतली गेली, आणि त्यातून दोरीवर सरकणारी वजनं तयार झाली. दोरी तुटली की शिसं जागेवरून घसरतं आणि त्याचा जोर मरतो. पक्ष्यासाठी सुरू झालेल्या कामातून माणसाचीही सुरक्षा वाढली.

मासेमाराला पटणारं आणखी एक कारण आहे. पक्ष्यानं आमिष खाल्लेला गळ रिकामा असतो, आणि रिकाम्या गळाला मासा लागत नाही. नॉर्वेतल्या लाँगलाइन बोटींवरच्या प्रयोगांत फितीची दोरी लावल्यावर आमिषाची नासाडी घटली आणि मासळी वाढली. गळाचं टोक झाकणारी प्लास्टिकची डबीही आता मिळते. ती ठरावीक खोलीवर गेल्यावर पाण्याच्या दाबानं आपोआप उघडते. त्यातल्या एका प्रकारात छोटा दिवाही बसवलेला असतो, म्हणजे ट्यूनाला खुणावणाऱ्या टाकाऊ दीपकांड्या विकत आणायचा खर्च वाचतो. असा विचार मला मनापासून आवडतो, कारण यात मासेमाराकडून नुसता त्याग मागितलेला नाही.

बोटीवर राहणारा शिक्षक

नियम कागदावर करता येतात. पण किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर, पहाटे तीन वाजता, फितीची दोरी बाहेर काढली की नाही हे बघायला कोण जाणार? म्हणून बर्डलाइफ इंटरनॅशनल आणि ब्रिटनमधल्या आरएसपीबी या पक्षी वाचवणाऱ्या संस्थांनी २००६ साली अल्बाट्रॉस टास्क फोर्स उभा केला. सुरुवात दक्षिण आफ्रिकेत झाली, पुढं नामिबिया आणि दक्षिण अमेरिकेतल्या देशांत काम पसरलं. यातली माणसं बोटीवर जातात आणि खलाशांबरोबर राहतात. तेच खातात, तशाच अरुंद बिछान्यावर झोपतात, तीच उलटी सोसतात. ते तपासनीस नसतात, दंड करत नाहीत. दोरी कुठं बांधली तर गुंतत नाही, खांब किती उंच हवा, वारा फिरला तर काय करायचं, हे ते तांडेलाबरोबर बसून ठरवतात. त्याच बंदरातला, तीच भाषा बोलणारा माणूस असेल तर काम निम्मं झालं म्हणायचं.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. दक्षिण आफ्रिकेत हेक मासा धरणाऱ्या ट्रॉलरांवर पक्षी गळानं नाही, तर जाळं ओढणाऱ्या जाड तारांना धडकून मरत होते. त्या तारांभोवती फितींच्या दोऱ्या लावल्यावर अल्बाट्रॉसचे मृत्यू ९९ टक्क्यांनी घटले. नामिबियात तळाजवळच्या लाँगलाइनवर वर्षाला हजारो पक्षी मरत होते. २०१५ साली तिथं फितीची दोरी सक्तीची झाली आणि नंतरच्या मोजणीत मृत्यू ९८ टक्क्यांनी कमी आढळले. या दोऱ्या वॉल्व्हिस बे बंदरातला बायकांचा एक गट तयार करतो. आपल्याकडं बचत गटाच्या बायका जसं काम अंगावर घेतात, तसं त्यांनी हे घेतलं आहे. बोटीला लागणारी वस्तू गावातच बनते, तुटली तर गावातच दुरुस्त होते आणि चार घरांत पैसा जातो.

अलास्काची गोष्ट थोडी वेगळी आहे. आखूड शेपटीचा अल्बाट्रॉस पिसांच्या व्यापारापायी इतका मारला गेला होता की १९४९ साली तो नामशेष झाला असंच मानलं गेलं. १९५१ साली जपानच्या तोरिशिमा बेटावर मोजके पक्षी पुन्हा सापडले. हीच जात १९९० च्या दशकात अलास्कातल्या लाँगलाइनवर अडकू लागली. ठरलेल्या आकड्यापेक्षा एखादा पक्षी जरी जास्त मेला असता, तर मासेमारीवरच गदा आली असती. तेव्हा मासेमारांच्या संघटनेनं स्वतःच नियमांची मागणी केली. संशोधकांना बोटीवर बोलावलं. १९९९ आणि २००० या दोन वर्षांत खऱ्या बोटींवर, खऱ्या मोसमात चाचण्या झाल्या. दोन्ही बाजूंना फितीची दोरी लावली की गळावर होणारे हल्ले जवळजवळ थांबतात हे तिथं सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. दोऱ्या बोटींना फुकट वाटल्या गेल्या. २००४ साली नियम यायच्या आधीच बऱ्याच बोटी त्या वापरत होत्या.

जाळ्याचं कोडं, कोकण आणि आपली तळी

लाँगलाइनचं उत्तर सापडलं, पण गिलनेटचं अजून पुरतं सापडलेलं नाही. इथं गळ नाही, आमिष नाही. बारीक तंगूस पाण्यात दिसत नाही आणि माशामागं सूर मारलेला पक्षी त्यात अडकतो. पेरूमध्ये जाळ्यावर हिरवे एलईडी दिवे लावून पाहिले. कासवांसाठी सुरू झालेल्या त्या प्रयोगात ग्वानाय पाणकावळ्यांचं अडकणंही सुमारे ८५ टक्क्यांनी कमी झालं. बाल्टिक समुद्रात एस्टोनियाच्या किनाऱ्यावर बोयांवर मोठे डोळे रंगवले, म्हणजे बुडी मारणारी बदकं बिचकून लांब राहतील. बदकं काही प्रमाणात दूर राहिली, पूर्ण नाही.

कोकण किनाऱ्यावर अल्बाट्रॉस नाहीत. तिथं बोटीमागं थव्यानं येतात ते कुरव आणि सुरय. वेंगुर्ल्याच्या खडकांवर सुरयांची वीण होते. पावसाळी वादळात दमलेले शिअरवॉटर आणि बूबी किनाऱ्यावर येऊन पडतात. तिथली मासेमारीही मुख्यतः ट्रॉल, पर्ससीन, डोल आणि गिलनेटची आहे. म्हणून दक्षिण महासागरातला उपाय उचलून मालवणात लावता येणार नाही. उचलण्यासारखी आहे ती काम करायची रीत. त्या रीतीचं एक उदाहरण आपल्या राज्यातच आहे. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनानं ठरवलं की कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असे संरक्षित जीव जाळ्यात सापडले आणि मासेमारानं जाळं कापून त्यांना जिवंत सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी त्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळावी. सुटकेचे फोटो द्यायचे, अर्ज करायचा. कोकणातल्या अनेक मासेमारांनी अशी कासवं सोडली आहेत. जाळं म्हणजे त्याचं भांडवल. ते कापायला सांगणाऱ्यानं त्याच्या किमतीचा विचार आधी करायला हवा, आणि इथं तो झाला.

हे सगळं घाटाखालचं झालं. घाटावर रंकाळा, कळंबा, राधानगरी आणि काळम्मावाडीच्या पाण्यात टिबुकली, पाणकावळे, वारकरी आणि तिरंदाज बुडी मारतात. ज्या पाण्यात तंगूसाचं जाळं लागतं तिथं बुडी मारणाऱ्या पक्ष्याला तोच धोका आहे जो बाल्टिकमधल्या बदकाला आहे. पाणकावळा आणि तिरंदाज दिवसा शिकार करतात. जाळं सांजवेळी लावून फटफटायच्या आत काढलं, तर पक्षी आणि जाळं एका वेळी पाण्यात असण्याचा काळच घटतो. फाटकं जाळं पाण्यात सोडून दिलं की ते कुणाच्याही उपयोगाचं न राहता पक्षी आणि मासे मारत राहतं, म्हणून ते काठावर आणलंच पाहिजे.

जिवंत पक्षी जाळ्यात सापडला तर काय करायचं, हे मासेमारांइतकंच काठावर फिरायला जाणाऱ्यांनीही माहीत करून घ्यावं. आधी डोक्यावर हलकं फडकं टाका. अंधार झाला की पक्षी शांत होतो. पंख अंगाशी मिटून धरा, चोच तुमच्या डोळ्यांपासून लांब ठेवा, तिरंदाजाची तर नक्कीच. तंगूस ओढू नका, कात्रीनं कापा. ओढलं की तो कातडीत आणखी रुततो. गळ लागला असेल तर काट्याचं टोक बाहेर दिसत असल्यास पकडीनं काटा तोडा आणि उरलेला दांडा आला त्या वाटेनं मागं काढा. गळ घशात खोल असेल तर हात लावू नका. चोच दोरीनं किंवा रबरानं बांधायचा मोह होतो, तो टाळाच. पाणकावळ्याला आणि बूबीला बाहेरून उघड्या नाकपुड्या नसतात, ते तोंडानं श्वास घेतात. चोच घट्ट बांधली की पक्षी गुदमरतो. जखमी पक्षी खोक्यात ठेवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आणि कळंब्यावर किंवा राधानगरीला यासाठी कुणी बैठक घ्यायची म्हटलं, तर पक्ष्यांच्या फोटोंनी सुरुवात करू नये. भोई समाजाच्या मासेमारांना आधी विचारावं: पाणकावळा अडकला की जाळं किती फाटतं, ते विणायला किती वेळ जातो, नवीन जाळ्याला आज किती पैसे पडतात, पहाटे जाळं काढलं तर मासा ताजा म्हणून भाव बरा मिळतो का. वेळा त्यांनीच सुचवाव्यात आणि एका मोसमात करून बघाव्यात. मदत करणाऱ्यानं वही घेऊन काठावर बसावं, अडकलेले पक्षी आणि मिळालेली मासळी दोन्ही लिहावं, आणि मोसम संपल्यावर तो हिशेब आधी त्यांच्यापुढं ठेवावा, मग बाकीच्यांपुढं.